कमला सोहोनी: पेशींचा श्वास आणि ताटातले अन्न

तुमचे मूल तीव्र कुपोषणासाठी रुग्णालयात दाखल आहे. त्याच्या अंगात रक्त कमी आहे हे डॉक्टरांनीच सांगितले आहे. तरीही पहिले काही दिवस लोहाचे औषध दिले जात नाही. शेजारच्या खाटेवरचे बाळ दूध नीट पिऊ लागले आहे, त्याचे वजन वाढते आहे, आणि त्याला मात्र लोह सुरू झाले आहे. जव्हार आणि मोखाडा भागातून आलेल्या आई-वडिलांना हे पाहून शंका येते. औषध संपले असेल का, की आपल्याच मुलाला देत नाहीत? काही जण मग संध्याकाळी बाजारातून स्वतःच बाटली घेऊन येतात.

शंका रास्त आहे, बाटली मात्र धोक्याची आहे. त्यामागचे कारण पेशीच्या आत आहे, आणि ते नीट समजावे म्हणून मी तुम्हाला एका मराठी शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट सांगणार आहे. डॉ. कमला सोहोनी यांनी तरुणपणी पेशी ऑक्सिजन कसा वापरते याचा अभ्यास केला आणि पुढचे आयुष्य गरिबाच्या ताटात काय असावे या प्रश्नाला दिले. हे दोन विषय वरवर लांबचे वाटतात. कुपोषित मुलाच्या खाटेशेजारी उभे राहिले की ते एकच असल्याचे कळते.

बंगळुरूच्या दारातून आत

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. माहेरचे नाव भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळुरूच्या टाटा संस्थेत शिकलेले. आज आपण तिला भारतीय विज्ञान संस्था म्हणतो. घरातल्या मुलीने त्याच संस्थेत जायचे ठरवले यात नवल काहीच नव्हते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी गुणवत्ता यादीत पहिल्या येऊन मिळवली आणि तिने अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल पारितोषिक मिळवलेले. नकाराचे कारण एवढेच, की अर्ज करणारी मुलगी होती. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला आणि शेवटी प्रवेश मिळवला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे मानले जाईल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल, आणि प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष विचलित होऊ द्यायचे नाही. ही शेवटची अट त्यांना आयुष्यभर टोचत राहिली. विद्यार्थी कसा आहे याच्याशी तिचा काही संबंध नव्हता, ती फक्त बाई असण्याबद्दल होती. तरीही त्या वर्षात त्यांनी असे काम केले की त्यानंतर संस्थेने मुलींना प्रवेश देणे सुरू केले.

बंगळुरूला त्यांचे मार्गदर्शक होते श्रीनिवासय्या. विषय होता दूध आणि डाळी-कडधान्यांतली प्रथिने. हे लक्षात असू द्या. ज्या देशात बहुतेकांच्या ताटात मांस-मासे रोज नसतात, तिथे कडधान्यातले प्रथिन किती आणि कसले आहे हा मुलांच्या वाढीचा प्रश्न आहे. १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. विशेष प्राविण्यासह पूर्ण केली.

केंब्रिजमधला बटाटा

पुढे त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथली जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळाले होते. याच हॉपकिन्स यांनी १९२१ साली ग्लुटाथायोन या पेशीतल्या पदार्थावर मूलभूत काम केले होते. हे नाव मोठे आहे, पण ते जरा लक्षात ठेवा. थोड्याच वेळात ते आपल्याला जव्हारच्या मुलाजवळ पुन्हा भेटेल.

कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर यांच्याबरोबर काम केले. ते गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींच्या ऊतींवर काम करू लागल्या. समोर होता साधा बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम सी सापडले. प्राण्यांच्या पेशींतले सायटोक्रोम केंब्रिजलाच डेव्हिड कायलिन यांनी १९२५ साली उलगडले होते. कमलाबाईंच्या कामामुळे दिसले की वनस्पतींच्या पेशीही श्वास घेण्यासाठी हीच यंत्रणा वापरतात. त्यांचा प्रबंध टंकलिखित अवघ्या ४० पानांचा होता आणि काम पूर्ण व्हायला सुमारे १४ महिने लागले. १९३९ साली केंब्रिजने त्यांना पीएच.डी. दिली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

आता हे सायटोक्रोम सी नेमके काय करते ते पाहू. इथे थोडे सावकाश वाचा, पुढचे सगळे यावर उभे आहे.

तुम्ही खाल्लेल्या भाकरीतली ऊर्जा पेशीला थेट वापरता येत नाही. पेशीच्या आत मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. तिथे अन्नातून इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म विद्युतकण काढले जातात आणि एका हातातून दुसऱ्या हातात दिल्यासारखे प्रथिनांच्या रांगेतून पुढे सरकवले जातात. रांगेच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो हे इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचे पाणी होते. या प्रवासात सुटलेल्या ऊर्जेवर तुमचे हृदय धडधडते आणि बाळाची वाढ होते. रांगेत शेवटून दुसऱ्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन पोहोचवणारा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो, आणि इलेक्ट्रॉन उचलण्याचे काम तो अणूच करतो. म्हणजे लोह फक्त रक्तासाठी लागते हे पूर्ण खरे नाही. प्रत्येक पेशीच्या श्वासाला ते लागते.

ठिणगी आणि हाळी

भट्टी कितीही चांगली असली तरी ठिणगी उडते. रांगेतून काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला अर्धवट चिकटतात. त्यातून सुपरऑक्साइड तयार होते आणि त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखमेवर ओतल्यावर फेस येतो तेच हे पेरॉक्साइड, पण पेशीत ते अत्यंत कमी प्रमाणात असते. अशा पदार्थांचा साठा आवरण्याच्या क्षमतेपलीकडे गेला की त्याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो, म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण.

जाहिरातींमुळे लोकांचा समज असा झाला आहे, की हे सगळे पदार्थ म्हणजे शरीराला चढलेला गंज आणि अँटिऑक्सिडंट गोळी म्हणजे तो पुसायचे फडके. खरी गोष्ट वेगळी आहे. पेशी हायड्रोजन पेरॉक्साइड मुद्दामही तयार करते, कारण निरोप पोहोचवायला ते तिच्या उपयोगाचे असते.

डोंगराळ भागात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर हाळी देतात, तसे समजा. हाळी छोटी असते, ऐकणारा ओळखतो, काम होते, आणि पुन्हा शांतता होते. इन्सुलिनचे उदाहरण घ्या. जेवल्यावर इन्सुलिन पेशीच्या दारावर येऊन साखर आत घेण्याचा संदेश देते. हा संदेश लगेच बंद करणारे एक प्रथिन पेशीत बसलेलेच असते. इन्सुलिन पोहोचताच पेशी थोडे पेरॉक्साइड तयार करते आणि ते या बंद करणाऱ्या प्रथिनाला काही क्षण गप्प बसवते. तेवढ्या वेळात संदेश आतपर्यंत जातो. मग पेरॉक्साइड नाहीसे होते आणि बंद करणारे प्रथिन पुन्हा कामाला लागते.

दुसरे उदाहरण संरक्षणाचे. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते. ते एरवी कीप-१ नावाच्या राखणदाराच्या ताब्यात असते. पेरॉक्साइड वाढले की राखणदाराची पकड सैल होते, एनआरएफ-२ सुटून पेशीच्या केंद्रकात जाते आणि तिथून ग्लुटाथायोनसारखे संरक्षक पदार्थ जास्त बनवण्याचा हुकूम निघतो. आगीची वर्दी आगीच्या धुरानेच द्यावी, तसा हा प्रकार आहे.

मग ताण म्हणजे काय? चारही बाजूंनी, दिवसरात्र, एकाच वेळी हाळ्या सुरू झाल्या तर कोण कोणाला काय सांगते आहे ते कळेनासे होते. सतत जास्त राहणाऱ्या पेरॉक्साइडने नेमके हेच होते. इन्सुलिनचा निरोप तेव्हा नीट पोहोचत नाही, हा मधुमेहाच्या वाटेवरचा एक टप्पा आहे. सूज आणणारे संदेश बंद होत नाहीत. तुमच्या घरात कोणाला मधुमेह असेल आणि तुम्ही पोषणाची माहिती शोधत इथे आला असाल, तर एवढा भाग तुमच्यासाठीही आहे.

आणि सायटोक्रोम सी? मायटोकाँड्रियाच्या पडद्याला चिकटून राहणारा हा हमाल ताण फार वाढला की पडद्यापासून सुटतो आणि बाहेर पडतो. बाहेर तो दुसऱ्या एका प्रथिनाला भेटतो आणि पेशीला स्वतःला शिस्तीत संपवण्याचा संदेश सुरू होतो. श्वासाच्या कामातले हे प्रथिन मरणाचा निरोपही नेते हे अमेरिकेत शियाओडाँग वाँग यांच्या प्रयोगशाळेने १९९६ साली दाखवले. कमलाबाई तेव्हा हयात होत्या, पंच्याऐंशी वर्षांच्या.

दिल्ली, कुन्नूर, मुंबई

१९३९ नंतर त्या भारतात परतल्या. परदेशात राहून नाव कमावणे त्यांना अवघड नव्हते. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९४७ साली विमागणितज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्या पुढे संचालकही झाल्या, फक्त ते पद त्यांना हक्काच्या वेळेपेक्षा बऱ्याच उशिरा मिळाले.

मुंबईच्या या वर्षांतले त्यांचे काम आपल्या स्वयंपाकघराला थेट भिडते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांवर संशोधन केले. ट्रिप्सिन म्हणजे प्रथिने पचवणारा आपल्या आतड्यातला पाचक रस. कच्च्या कडधान्यांत, विशेषतः वालासारख्या कडधान्यात, या रसाला अडवणारे पदार्थ असतात. भिजवणे आणि चांगले शिजवणे यामुळे त्यांचा जोर बराच उतरतो. म्हणून बाळाला वरण देताना ते पूर्ण मऊ शिजलेले असावे, आणि अर्धवट शिजलेले वाल लहान मुलाला देऊ नयेत. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजवत आल्या आहेत ते काही उगाच नाही.

दुसरे काम नीरेवरचे. ताड-माडाच्या झाडाचा पहाटे काढलेला, न आंबलेला गोड रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हे काम हाती घेतले. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह लक्षणीय प्रमाणात असते आणि तिच्यापासून केलेल्या गुळातही यातले बरेचसे टिकते, असे त्यांना आढळले. आदिवासी समाजातील कुपोषित किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचेही दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पालघर जिल्ह्याला ताड आणि शिंदी नवीन नाहीत, म्हणून एक स्पष्ट करतो. नीरा ऊन चढू लागले की आंबते आणि तिची ताडी होते. ताडीत दारू असते. ती गरोदर बाईला किंवा मुलाला पोषण म्हणून देऊ नका.

मला या कामातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. केंब्रिजहून आलेल्या या शास्त्रज्ञ बाईंनी औषधाची कुपी शोधली नाही. लोकांच्या अंगणात आधीच असलेले अन्न त्यांनी घेतले आणि त्यात काय आहे, ते कसे टिकवावे, कोणाला द्यावे हे मोजून पाहिले.

जव्हार-मोखाड्याचे मूल

जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने संस्थान. ते १९४८ साली ठाणे जिल्ह्यात आले आणि २०१४ साली पालघर जिल्हा झाल्यावर त्यात गेले. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा समाजांची ही वस्ती. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो. मुंबईला पाणी देणारी मोठी धरणे याच वैतरणेच्या खोऱ्यात आहेत. उन्हाळ्यात मात्र पाड्यांवर बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात. डोंगर उतारावर नागली, वरई, भात आणि उडीद होतो. ते धान्य काही महिने पुरते, मग कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला जातात. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुले दगावली आणि तेव्हापासून हा भाग राज्यभर ओळखला जाऊ लागला. तेव्हापासून बरेच बदलले आहे, अंगणवाड्या वाढल्या, गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा गरम चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. तरीही आवणीच्या दिवसांत, जुलै-ऑगस्टला, वजन घटलेली मुले आजही येतात.

या मुलांच्या पेशींत काय चालते? दोन प्रकार दिसतात. बहुतेक मुले हाडांवर कातडी अशी वाळलेली असतात. काहींच्या दोन्ही पायांवर मात्र सूज येते, चेहरा फुगतो, केस विरळ आणि तांबूस होतात. घरच्यांना कधी कधी मूल अंग धरते आहे असेही वाटते. हा सुजेचा प्रकार जास्त घातक. १९८० च्या दशकात जमैकात मायकेल गोल्डन यांनी यामागे ऑक्सिडीकरणाच्या ताणाचा मोठा वाटा असावा अशी मांडणी केली. त्यांना आढळले की सुजलेल्या मुलांच्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन फार कमी झालेले असते. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेतला तो पदार्थ आठवतो ना, तोच.

ग्लुटाथायोन तीन अमिनो आम्लांपासून बनते. त्यातले सिस्टीन हे गंधकयुक्त असते आणि कमी प्रथिनाच्या आहारात तेच अपुरे पडते. संरक्षणाची बाकीची सामग्रीही अन्नातूनच येते. सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड यांचा निकाल लावणाऱ्या काही एन्झाइमांना सेलेनियम लागते, काहींना जस्त आणि तांबे, काहींना लोह. म्हणजे मुलाच्या शरीरात निरोपांचा गोंगाट वाढलेला असतो, कारण त्याला वारंवार जुलाब आणि खोकला होत असतो, आणि प्रत्येक संसर्गात पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी हीच द्रव्ये सोडतात. त्याच वेळी गोंगाट शांत करायला लागणारा माल कोठारात नसतो.

मग अँटिऑक्सिडंट दिले की झाले, असे वाटेल. संशोधकांनाही तसेच वाटले होते. आफ्रिकेतल्या मलावी देशात दोन हजारांहून जास्त लहान मुलांवर हा प्रयोग झाला. निम्म्या मुलांना जीवनसत्त्व ई, सेलेनियम, रायबोफ्लेविन आणि सिस्टीन पुरवणारे औषध असे मिश्रण रोज दिले, बाकीच्यांना तसेच दिसणारे पण त्या द्रव्यांशिवायचे. निकाल २००५ साली आला. सूज येणे या मिश्रणाने टळले नाही. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शिकवणारा निकाल आहे. ताण होता हे खरे, पण अन्नच अपुरे असताना वरून टाकलेली चार द्रव्ये त्याची जागा घेऊ शकली नाहीत.

आता लोहाकडे येऊ

लोहाचा अणू सायटोक्रोम सी किंवा रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये नीट बसलेला असतो तोपर्यंत तो शरीराचा नोकर असतो. मोकळे लोह मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडले की त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय जहाल कण तयार होतो. तो निरोप नेत नाही, समोर येईल ते जाळतो. शरीर म्हणून मोकळे लोह ठेवत नाही, ट्रान्सफेरिन नावाच्या वाहक प्रथिनाच्या हवाली करते. तीव्र कुपोषित मुलात हा वाहकच कमी असतो, कारण यकृताकडे तो बनवायला प्रथिन नसते. वर संसर्ग असतो, आणि कित्येक जंतूंना वाढायला लोह हवेच असते. अशा वेळी बाहेरून लोह ओतले तर ते मुलाऐवजी आगीला आणि जंतूंना मिळण्याची शक्यता जास्त.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत अशी आहे, की आधी साखर, तापमान, पाण्याचे प्रमाण आणि संसर्ग सांभाळायचा. विशेष दूध थोडे थोडे, रात्रीही द्यायचे. सुरुवातीचे दूध मुद्दाम हलके असते, कारण उपाशी शरीरावर एकदम भरपूर अन्न लादले तर रक्तातल्या क्षारांचे प्रमाण बिघडते आणि हृदयावर ताण येतो. मुलाची भूक परतली, वजन वाढू लागले, साधारण दुसऱ्या आठवड्यात, मग लोह सुरू करायचे. तोवर वाहक प्रथिन तयार झालेले असते. शेजारच्या बाळाला मिळते आणि आपल्याला नाही, यातला फरक एवढाच असतो की ते बाळ या टप्प्याला आधी पोहोचले आहे. घरी देण्याच्या तयार पोषक पेस्टमध्ये लोह आधीच घातलेले असते, त्यामुळे ती सुरू असताना वेगळी बाटली देण्याआधी विचारा.

हा नियम फक्त तीव्र कुपोषणाच्या पहिल्या टप्प्यापुरता आहे. गरोदर बाईच्या लोहाच्या गोळ्या किंवा शाळेत मिळणाऱ्या गोळ्या यामुळे थांबवू नका. सिकलसेल असलेल्या रुग्णाला मात्र रक्त कमी असले तरी लोह हवेच असे नसते, तिथे रक्ततपासणीवरून डॉक्टरांना ठरवू द्या.

बाटलीतले अँटिऑक्सिडंट

मोठ्या माणसांसाठीही दोन गोष्टी सांगतो, कारण ताकदीच्या गोळ्यांवर घरोघरी पैसा जातो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिले गेले. फुफ्फुसाचा कर्करोग कमी होईल ही अपेक्षा होती. १९९४ साली कळले की गोळी घेणाऱ्यांत तो वाढला. दुसरा अभ्यास जर्मनीतला, २००९ सालचा. तरुणांना चार आठवडे व्यायाम दिला, काहींना सोबत जीवनसत्त्व सी आणि ई च्या मोठ्या मात्रा. ज्यांनी गोळ्या घेतल्या नाहीत त्यांच्यात इन्सुलिनचा परिणाम सुधारला. गोळ्या घेणाऱ्यांत तो फायदा दिसला नाही. व्यायामात तयार होणारे पेरॉक्साइड हाच स्नायूंना सुधारण्याचा निरोप होता आणि गोळीने तो वाटेतच पुसला.

गाजर, शेवग्याचा पाला, आवळा, पालेभाज्या यांना हे लागू नाही. अन्नात ही द्रव्ये मापात आणि एकमेकांच्या सोबतीने येतात. नागलीच्या भाकरीबरोबर मऊ शिजलेले उडदाचे किंवा तुरीचे वरण घेतले की कडधान्यात कमी असलेली गंधकयुक्त अमिनो आम्ले धान्यातून मिळतात. अंडे आणि सुकट ही तर ग्लुटाथायोनच्या कच्च्या मालाची स्वस्तातली कोठारे. अंगणवाडीत मिळणारे अंडे मुलाने तिथेच खाल्ले तर ते त्याच्याच पोटात जाते, घरी आणले तर चार भावंडांत वाटले जाते. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, घरात सगळीच मुले भुकेली असतात हे आम्हाला दिसते.

कमलाबाई निवृत्तीनंतरही अन्नाकडेच वळल्या. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्यांनी अन्नभेसळीवर काम केले, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या, आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

कधी दाखवायला यायचे

मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने काही सेकंद हलकेच दाबून धरा. बोट काढल्यावर खड्डा राहिला तर वजन कितीही असो, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात आणा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण धरले जाते. मोजायची पट्टी अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंकडे असते. मूल खात-पीत नसेल, सुस्त पडले असेल, अंग गार लागत असेल, जुलाब थांबत नसतील किंवा श्वास जोरात चालत असेल तर वाट पाहू नका. जगायला बाहेर जाणार असाल तर मुलाचे कार्ड सोबत न्या, जिथे जाल तिथल्या अंगणवाडीत ते दाखवा, आणि उपचार अर्धवट असतील तर निघण्याआधी पुढचे दूध, पेस्ट आणि औषध किती दिवसांचे हवे ते विचारून घ्या.